रंध्याखालची लाट

सातवा नकाशा फाडला तेव्हा टेबलावर उरला
चहाच्या कपाचा एक तपकिरी गोल
आणि महापालिकेचं पत्र:
सार्वजनिक तरणतलाव, विश्वामित्रीच्या अलीकडे.
छप्पर लाकडी प्रस्तावित असल्यास कारण द्यावे.

कारण दिलं.
क्लोरीनची वाफ लोखंड खाते, साहेब,
आतून, वाळवीसारखी. लाकूड तीच वाफ पिऊन गप्प बसतं.
पागेदार साहेबांनी चष्मा काढला:
आणि खरी वाळवी?
मग कुणीतरी विचारलं, पुरात मगरीला किती पायऱ्या चढता येतात.
कुणी हसलं नाही. वडोदऱ्यात हा विनोद नाही.
मी चहावाल्या सोमाच्या भिंतीवरची पुराची रेघ मोजून आले
आणि जोतं तिच्यावर हातभर उचललं.

खरं कारण पत्रात बसत नव्हतं.
मला पोहता येत नाही.
दहा वर्षांची होते. खानविलकर मास्तरांनी
पाठीखाली तळहात धरला, म्हणाले, वर बघ, मान सोड.
वर पत्रा होता. गंजाचे पोपडे.
त्यातला एक सुटला, गिरक्या घेत आला
आणि माझ्या ओठावर बसला.
मी उभी राहिले. ती उभीच आहे अजून.

तेव्हापासून ठाऊक आहे:
शिकणाऱ्याला पाणी दिसत नाही,
दिसतं फक्त छप्पर.
पोहणारे खाली बघतात. भिणारे वर.
मला भिणाऱ्यांसाठी काहीतरी काढायचं होतं,
नजर एका जागी थिजू नये असं,
सरकत सरकत जावी आणि मागोमाग मान.

म्हणून लाटा.
सात नकाशे लाटांचे, सातही
समुद्राच्या कॅलेंडरवरून उचलल्यासारखे.

धनजी मिस्त्रींनी आठवा बघितला, पेन्सिल कानावर ठेवली.
बेन, ही लाट कुठल्या पाण्याची?
आपली विश्वामित्री तर हलतच नाही.
हलली तर घरात येते.

बंद गिरणीच्या गोदामातले बहाल त्यांनीच शोधले होते,
साग, काळा पडलेला, तेलाचा वास मुरलेला.
खिळेच निघाले सव्वातीन किलो, तेही डब्यात ठेवले.
निविदेत शब्द होता, शाश्वत.
त्याचा अर्थ विचारला तर म्हणाले,
जे दुसऱ्यांदा कामाला येतं ते.
आणि रंधा मारू लागले.

रंध्याच्या तोंडातून छिलका उठला,
पातळ, उजेड आरपार जाईल इतका,
वळला, जरा थांबला, परत वळला
आणि माझ्या चपलेवर येऊन पडला.
काळ्या बहालाच्या पोटात इतका गुलाबी रंग!
मी तो उचलून खिडकीशी धरला.
एक उंच वळण, एक आळसावलेलं,
तिसरं जवळजवळ सपाट, दम खाणारं.
कुठलाच समुद्र नाही.
कुणीतरी लाकडावरून हात फिरवला, एवढंच.

तोच वहीत चिकटवला. तोच नववा नकाशा.

आज पहिली कमान उभी राहिली, कारखान्यातच,
अठरा फळ्या एकावर एक दाबून वाकवलेल्या.
जेवणाची सुट्टी. सगळे बाहेर.
मी भुशात उताणी पडले, साडीसकट,
हात पसरले, पाय जरा लांब.
पाठीखाली कुणाचा तळहात नव्हता.
नजर पहिल्या वळणावर चढली,
दुसऱ्यावर रेंगाळली,
तिसऱ्याशी पोचेतो मानेतलं काहीतरी
पस्तीस वर्षांचं
भुशात टेकलं.

दारात डबा घेऊन मिस्त्री उभे.
किती वेळ, कोण जाणे.
पंखा बंद केला त्यांनी, छिलके उडू नयेत म्हणून.
मग म्हणाले,
बेन, उठा आता. वरचा सरेस ओला आहे.
टपकेल तोंडावर.